एका रागाला एक तंबोरा

मंडळी, 2008 साली माझा मावसभाऊ अमेरिकेहून 'गिटार हिरो 3' हा व्हिडिओ गेम घेऊन आला, प्लास्टिकच्या गिटारीसकट. तार एकही नाही. दांडीवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं, आणि छेडायला एक आडवी पट्टी, टकटक वाजणारी. टीव्हीवर रंगीत ठिपका खाली पोचला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी छेडायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी तेव्हा आत्या गाणं शिकवायची. ती पाच मिनिटं दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, पोराचं काही चुकत नाहीये. सम येऊन गेल्यावर तुमच्या टीव्हीत ठिपका पोचतो."

खरंच होतं. आवाज स्टिरिओतून येत होता आणि नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा दिसत होतं. हा उशीर जुळवून घ्यायची सोय गेममध्येच असते; आम्ही शहाण्यांनी ती उघडूनही पाहिली नव्हती. ग्वाल्हेरात वाढलेल्या कानाला मात्र ते लगेच कळलं.

असा हा लयीचा खेळ. पहिला भाग नोव्हेंबर 2005 चा, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये हे गेम विकणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजननं हा विभागच बंद केला. एकट्या 2009 सालात काय काय निघालं पाहा: मेटालिका, स्मॅश हिट्स, गिटार हिरो 5, बँड हिरो, डीजे हिरो, व्हॅन हेलन. त्यातलं स्मॅश हिट्स म्हणजे आधीच्याच भागांतली गाणी, पुन्हा नव्या डब्यात!

लोक म्हणतात, अति झालं आणि हसू आलं. मला हे अर्धंच पटतं. गाणी कधी जास्त होतात का? आत्याकडे बंदिशींच्या वह्यांची चळत होती. पण यमन झाला, आता भूपासाठी दुसरा तंबोरा आणा, असं ती कुणाला म्हणाली नाही. इथे गाणी विकायची तर डिस्क, डिस्क खपवायची तर डबा. जुनी गिटार चालायची, हे मान्य. पण गिटार हिरोच्या 'वर्ल्ड टूर' या भागाबरोबर ड्रम आणि माइक आले, डीजे हिरोला तबकडीचं वेगळंच यंत्र. रॉक बँड या अशाच दुसऱ्या गेमचा पूर्ण संच 2007 साली 170 डॉलरचा होता, आणि पुढच्याच वर्षी मंदी. बैठकीच्या खोलीत किती प्लास्टिक मावणार?

रॉक बँडवाल्या हार्मोनिक्स कंपनीला हे थोडं उमगलं होतं. त्यांनी दर आठवड्याला सुटी गाणी विकली, पहिल्या डिस्कमधली बरीचशी दुसऱ्या भागात नेऊ दिली. तरी लेगो रॉक बँड काढायचा मोह त्यांनाही आवरला नाही, आणि 2010 च्या अखेरीस मालक कंपनी व्हायाकॉमनं त्यांना विकून टाकलं. आज तीच मंडळी एपिक या गेम कंपनीसाठी तिच्या फोर्टनाइट गेममध्ये गाण्यांचा खेळ चालवतात. साध्या कंट्रोलरवरही खेळता येतो.

आमची गिटार माळ्यावर आहे. नारिंगी बटण दाबलं की आत जातं, वर येत नाही. आत्याचा तंबोरा खालच्या खोलीत, गवसणीत. गेल्या दिवाळीत त्याच्या तारा बदलल्या.