तालमीची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

माझा स्टुडिओ कळव्यात आहे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. स्टुडिओ म्हणजे काय, तर शटरचा गाळा. आधी तिथे पिठाची गिरणी होती. गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायचं, गेली की पुन्हा सुरू. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या गायकांना आता गाड्यांच्या वेळा माझ्याइतक्याच पाठ झाल्यात.

काम बहुतेक हळदीच्या गाण्यांचं. घणसोली, दिवा, खारेगाव, तिकडची आगरी-कोळी पोरं येतात. ढोलकी, ऑक्टापॅड, एखादा कीबोर्ड आणि बेंजो. आपल्या बेंजोचं अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे नातं नाही बरं का. तो आला जपानच्या तैशोगोतोवरून, शंभरेक वर्षांपूर्वीचं ते वाद्य. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. आपल्याकडे त्याचा बुलबुल तरंग झाला आणि पुढे तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारा पिकअप लावून तो वरातीत शिरला.

परवा अशाच एका वाजवणाऱ्या पार्टीला मी विचारलं, "तालीम कुठे करता रे?" बेंजो मास्तर हसला. म्हणाला, "दादा, आमची तालीम सुपारीतच होते." म्हणजे नवरदेवाच्या अंगणात, पैसे घेऊन, हजार माणसांसमोर.

मला हसू आलं नाही. कारण काही दिवस माझ्या डोक्यात आइसलँडचं संगीत घोळत होतं.

आइसलँड हा देश केवढा? लोकसंख्या चार लाखांच्याही आत. आपल्या ठाणे शहराची 2011 च्या जनगणनेत 18 लाखांवर गेली होती. म्हणजे एका ठाण्यात चार आइसलँड सहज बसतील. तरी तिथून ब्योर्क ही गायिका आली, सिगुर रोस हा बँड आला, ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन हा बँड आला. 'जोकर' चित्रपटाच्या संगीतासाठी 2020 मध्ये ऑस्कर घेणारी हिल्दूर गुड्नादोत्तिर तिथलीच. याचं कारण म्हणून लोक ज्वालामुखी, हिमनद्या आणि लांबलचक रात्री सांगतात. मला ते पटत नाही. मग आमच्या ढोलकीचं श्रेय पारसिकच्या डोंगराला द्यावं लागेल.

मला दिसतात त्या खोल्या. सिगुर रोसने राजधानी रेक्याविकजवळ एक जुना बंद पडलेला पोहण्याचा तलाव घेतला आणि त्याचाच स्टुडिओ केला. नावही तेच ठेवलं, सुंदलॉइगिन, म्हणजे पोहण्याचा तलाव. 2002 चा त्यांचा अल्बम तिथे झाला. आइसलँड एअरवेव्ह्ज हा महोत्सव आज जगभर माहीत आहे, पण 1999 मध्ये तो सुरू झाला विमानाच्या हँगरमध्ये. ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन तर एका घराच्या दिवाणखान्यात वाजवत होते. सिएटलच्या केईएक्सपी या रेडिओ केंद्राने ते रेकॉर्ड केलं आणि अमेरिकेत त्यांचं नाव झालं. रेडिओमुळे, हे मी आज रेडिओवरून मुद्दाम सांगतोय!

त्याच वर्षी, 2010 मध्ये, हा बँड म्यूसिकतिल्रॉइनिर नावाची स्पर्धा जिंकला होता. ही तरुण बँडची स्पर्धा 1982 पासून चालते. बक्षिसात स्टुडिओचे तास मिळतात. चषक कपाटात धूळ खातो. तासांचं तसं नसतं, ते वापरावेच लागतात. शिवाय तिथे गावोगावी संगीतशाळा आहेत आणि त्यांतल्या शिक्षकांच्या पगाराला सार्वजनिक पैसा मिळतो. म्हणून कोळ्याचा पोरगाही ट्रम्पेट शिकतो. आणि माणसं कमी, म्हणून एकच ड्रमवाला तीन बँडमध्ये. हे मात्र आपल्याकडेही अगदी तसंच! माझ्याकडचा ढोलकीवाला शनिवारी हळदीला, रविवारी भजनात आणि सोमवारी माझ्या गाळ्यात असतो. फरक एवढाच, की तिकडच्या ड्रमवाल्याला तिन्ही बँडबरोबर बसायला जागा असते.

पैशाचंही एक सांगतो. ब्योर्क आधी शुगरक्यूब्स या बँडमध्ये होती. 1986 मध्ये त्या मंडळींनी स्मेक्लेइसा नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. अर्थ काय, तर 'वाईट अभिरुची'. त्याच वर्षी रेक्याविकला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह भेटले. या पठ्ठ्यांनी त्या भेटीची पोस्टकार्डं छापून विकली आणि तो पैसा कंपनीत घातला. आपल्याकडची पार्टी गणपतीत वर्गणीतून नवा ऑक्टापॅड घेते, त्यातलाच हा प्रकार.

आता आपली खोली. गच्चीवर वाजवलं तर सोसायटीची नोटीस येते. रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो नियम आहे आणि योग्यच आहे, आजारी माणसं असतात. मग पोरं भाड्याचा गाळा बघतात आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. अहो, ट्रेने आवाज अडत नाही! आतली गाज थोडी कमी होते, इतकंच. ढोलाचा दणका अडवायला जाड, जड भिंत लागते. माझ्या गिरणीची भिंत जुनी आहे, म्हणून माझं भागतं.

आणि कधीकधी खोली असूनही भागत नाही. एकदा एक धवलारीण आजी आल्या होत्या. आगरी लग्नात धवला म्हणणाऱ्या. त्यांना हेडफोन लावला, कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, दिला आणि त्या गप्पच बसल्या. म्हणाल्या, "मांडव कुठं हाय? नवरी कुठं हाय?" शेवटी मी क्लिक काढला, त्यांच्या सुनेला समोर पाटावर बसवलं, आणि आजींनी पंचवीस मिनिटं न थांबता म्हटलं. मध्ये दोन गाड्या गेल्या. त्या तशाच ठेवल्यात.

पालिकेच्या शाळा संध्याकाळी सहानंतर रिकाम्या असतात. माझं मागणं मोठं नाही. अनुदान नको, पुरस्कार नको. वस्तीपासून थोड्या लांबच्या एखाद्या शाळेतले दोन वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, रात्री नऊपर्यंत. चावी शिपायाकडे, वही दारात, नाव लिहा आणि वाजवा. दार मात्र नीट बंद होणारं हवं.

तोवर घणसोलीची पोरं दर गुरुवारी माझ्याकडे येतात. रेकॉर्डिंग नसलं की पैसे घेत नाही, शटर अर्धं खाली ओढतो. गेल्या खेपेला त्यांनी एकच तुकडा अकरा वेळा वाजवला. बाराव्या वेळी सम जुळली आणि नेमकी तेव्हाच फास्ट गाडी धडधडत गेली. बेंजो मास्तर म्हणाला, "दादा, परत."