पोरगं आज रात्री कुठं झोपणार?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि पेपर तपासायचे बाजूला ठेवून आलेले शिक्षक मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर माझा विषय ‘बालगुन्हेगारी आणि संस्कार’ असा छापलाय. संस्कारांवर माझ्यापेक्षा बरं बोलणारे पुढच्या रांगेतच बसलेत. मी कोर्टातला माणूस. मला बोलायचंय कायद्याच्या पहिल्या काही पानांवर, जिथं नुसत्या व्याख्या असतात आणि जी पानं आम्ही वकीलसुद्धा उलटून पुढं जातो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २ म्हणजे अशा साठेक व्याख्यांची यादी आहे. पोलिसांनी उचललेलं पोरगं आज रात्री कुठं झोपणार, हे त्या यादीवर ठरतं. पीएसआय साहेबांच्या मर्जीवर ते ठरत नाही आणि तुम्ही ज्याला फोन लावता त्या पुढाऱ्यावर तर नाहीच नाही. आपल्याकडे फोन मात्र आधी पुढाऱ्यालाच जातो.

लॉकअपचं आधी सांगतो. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्याला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, असं कलम १० स्वच्छ सांगतं. ताब्यात घेतल्याबरोबर त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा नेमलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक तरी बाई. पोरांना धाक घालायला हिंडलग्याच्या तुरुंगाचं नाव घ्यायची आपली जुनी सवय आहे. पण अठराच्या आतल्या पोराला हिंडलग्याचा दरवाजा कायद्यानंच बंद आहे.

मग ते जातं कुठं? आपण सगळ्यालाच ‘रिमांड होम’ म्हणून मोकळे होतो. चौकशी चालू असताना ठेवतात ते निरीक्षणगृह. दोषी ठरल्यावर आदेशानं पाठवतात ते विशेष गृह, तेही कमाल तीन वर्षं. सोळा ते अठरा वयाचा आणि भयंकर गुन्ह्याचा आरोप असलेला, किंवा चौकशीच्या वेळी अठरा ओलांडून गेलेला, त्याच्यासाठी सुरक्षित स्थान असतं. आणि ज्यानं काही केलेलंच नाही, ज्याला फक्त आधार नाही, त्याच्यासाठी बालगृह. कर्नाटकात त्याला बालमंदिर म्हणतात. बालमंदिरातल्या मुलाकडं बघून ‘हा काय चोरी करून आलाय?’ असं विचारणारी माणसं मी बघितली आहेत. शिकलेली माणसं.

या सगळ्याच्या आधी जामीन येतो. मोठ्या माणसाला जामीनपात्र आणि अजामीनपात्र असा फरक लागू होतो, पोराला तो लागत नाही. कलम १२ प्रमाणे जामीन द्यायचाच. नाकारायला तीनच कारणं आहेत: सुटल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ ला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, आणि त्याला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं मंडळाला शिव्या घातल्या. निबंधाची अट मलाही पोरकट वाटली. पण जामीन देणं हा नियम आहे, हे त्या गदारोळात कोणी सांगितलं नाही.

त्याच प्रकरणातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवा, अशी पोलिसांची मागणी होती. मंडळानं ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कारण व्याख्येत आहे. कायदा गुन्ह्यांचे तीन वर्ग करतो. ज्याला कमाल तीन वर्षं शिक्षा तो किरकोळ. ज्याला किमान सात वर्षं किंवा जास्त शिक्षा तो भयंकर. मधला तो गंभीर. ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सातच्या वर आहे पण किमान सात नाही, तो कुठं बसवायचा याचा गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की तो गंभीरच धरायचा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ते कायद्यात आलं. पुण्यातल्या मुलावर आरोप होता सदोष मनुष्यवधाचा. त्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान सात वर्षं असं कलमात नाही. म्हणून तो ‘भयंकर’मध्ये बसत नाही, आणि त्यात बसल्याशिवाय प्रौढ म्हणून खटला चालवायची वाटच उघडत नाही.

आता हे आपल्या गावात आणून बघा. बसस्टँडवर कोणाच्या खिशातला मोबाईल मारला, तर ती साधी चोरी, भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत, किरकोळ. तोच मोबाईल घरात शिरून उचलला तर सात वर्षांपर्यंत, गंभीर. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावून पळाला तर त्याला परत तीन वर्षांपर्यंतच, म्हणजे किरकोळ! आणि सतरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांच्या मुलीबरोबर गोव्याला पळून गेला, चार दिवस राहिला, दोघंही खुशीनं गेले होते. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो, अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, शारीरिक संबंध आला की किमान शिक्षा दहा वर्षं, आणि मुलगा थेट ‘भयंकर’मध्ये. हिसकावणारा किरकोळ आणि पळून जाणारा भयंकर. मुलीच्या बापाला राग येतो हे मी समजू शकतो, पण तक्रार देताना आपण कुठला दरवाजा उघडतोय, हे त्याला कोणी तरी सांगायला पाहिजे. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं २०२२ मध्ये विधी आयोगाला संमतीच्या या वयाच्या अटीचा फेरविचार करायला सुचवलं होतं. आयोगानं २०२३ मध्ये वय खाली आणायला नकार दिला.

‘भयंकर’मध्ये गेलेल्या सोळा ते अठराच्या मुलाचं मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता किती, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत. मंडळ मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकतं असं कायदा म्हणतो, पण मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर ती घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. माझं मत विचाराल तर ही तरतूद रागातून आली आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणातल्या अल्पवयीनाला तीन वर्षंच झाली, तो डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेनं हे विधेयक मंजूर केलं. मार्चमध्ये बसून जानेवारीतल्या एका रात्री पोराच्या डोक्यात काय होतं हे मोजायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं मला कळत नाही. तरी प्रौढ म्हणून खटला चालला तरी एकवीस वर्षांपर्यंत तो तुरुंगात जात नाही, आणि फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे सगळं दोन आकड्यांवर येतं, शिक्षा आणि वय. शिक्षेचा आकडा पुस्तकात असतो. वयाचा आकडा तुमच्या घरात असतो, आणि सीमाभागात घोळ तिथंच आहे.

वय मोजायचं ते कृत्य घडलं त्या दिवशीचं. आज वीस वर्षांचा असला आणि सतराव्या वर्षी केलेल्यासाठी आता पकडला, तरी प्रकरण मंडळापुढंच. पुरावा कोणता, हे कलम ९४ क्रमानं सांगतं: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही.

आता गुरुजी मंडळींकडं बघून बोलतो, रागावू नका. पहिलीत घालताना किती मुलांची जन्मतारीख १ जून लिहिली आपण? आईला नक्की आठवत नव्हतं, वय बसवायचं होतं, लिहिलं १ जून. त्यात बाळंतपण माहेरी, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, जन्माची नोंद महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत, शाळा इकडं. दोन राज्यांचे दोन कागद आणि दोन तारखा. कायदा शाळेच्या कागदाला पहिलं स्थान देतो. म्हणजे गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख त्या पोराला सोळाच्या आत ठेवते नाहीतर अठराच्या बाहेर ढकलते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालेल्या पोरांचं आता बरं आहे. पण आज पंधरा-सोळाची असलेली पोरं त्यांच्या आईकडचे कागद अजून ट्रंकेत घेऊन बसली आहेत. घरी गेल्यावर दोन्ही तारखा जुळतात का तेवढं बघा, आणि जुळत नसतील तर दुरुस्ती आत्ता करून घ्या. पोरगं ठाण्यात बसलेलं असताना केलेल्या दुरुस्तीकडं सरकारी वकील कसं बघतो, ते सांगायला नको.

दुसरा घोळ भाषेचा. ठाण्यातला कागद कन्नडमध्ये, मंडळापुढचं बोलणं बहुतेक कन्नडमध्ये, आणि पोरगं मराठी शाळेतलं. सातवी-आठवीतल्या मुलाला रस्त्यावरचं कन्नड येतं. ‘कबूल आहे का’ असं अधिकाऱ्यानं विचारलं तर ते मान हलवतं. कलम ८ प्रमाणे कामकाजाची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषा पुरवणं मंडळाचं कर्तव्य आहे, आणि त्याची फी मुलानं द्यायची नसते. हे मागितल्याशिवाय मिळत नाही. मागायचं ते पहिल्या तारखेला, सभ्य शब्दांत, लेखी. यात सीमावादाचं राजकारण आणू नका, मी हात जोडून सांगतो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालू द्या. पोराची चौकशी चार महिन्यांत संपवायची असते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सामाजिक तपास अहवाल. पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्यानं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरनं, घरी, शाळेत, शेजारी जाऊन तो तयार करायचा. घरी कोण कोण आहे, बाप काय करतो, पितो का, पोरगं शाळेत किती दिवस गेलं, सोबती कोण, व्यसन काय, घरात मारहाण होते का. मंडळाचा निर्णय बऱ्याच अंशी या अहवालावर उभा असतो. आणि आपल्या घरात काय होतं? साहेब येणार म्हणून आई भांडी घासून ठेवते आणि घाबरून म्हणते, ‘सगळं ठीक आहे, साहेब.’ सगळं ठीक असेल तर पोरानं चोरी केली कशाला, हा प्रश्न अहवालात तसाच राहतो. बाप ऊसतोडीला गेला होता, पोरगं दोन महिने शाळेत नव्हतं, मोठ्या मुलांबरोबर पंक्चरचं सोल्यूशन हुंगायला लागलं होतं, हे सांगितलं तर पोराचं काही वाईट होत नाही. उलट समुपदेशन, देखरेख, व्यसनमुक्ती यांची वाट तिथूनच उघडते. कलम ९३ प्रमाणे मनोविकार किंवा व्यसन असलेल्या मुलाला उपचाराच्या ठिकाणी पाठवता येतं. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे डिमहान्स, धारवाडची मानसिक आरोग्य संस्था. मराठी बोलणारी एखादी अंगणवाडी सेविका किंवा वर्गशिक्षिका त्या दिवशी आईजवळ बसली तर अहवाल बदलतो.

आणखी एक गाठ आहे. हायवेच्या धाब्यावर तेरा वर्षांचं पोरगं कामाला आहे, सहा महिन्यांचा पगार मालकाकडं अडकलाय आणि त्यानं गल्ल्यातून पाचशे रुपये काढले. मालक ओरडतो चोर म्हणून. पण ते पोरगं त्याच कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ही आहे, कारण ते बेकायदा कामावर ठेवलेलं आहे. मंडळ त्याचा विषय बालकल्याण समितीकडं पाठवू शकतं. आणि मुलाला कामावर ठेवून त्याची कमाई अडवणाऱ्या मालकाला कलम ७९ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. तक्रार द्यायला आलेल्या मालकाला हे कलम वाचून दाखवा.

सीमेपलीकडच्या पोराचं थोडक्यात सांगतो. चंदगडचा मुलगा बेळगावात पकडला गेला तर चौकशी इथंच होणार. कलम ९५ प्रमाणे त्याच्या जिल्ह्यात पाठवता येतं, पण विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाला चौकशी संपून अंतिम आदेश झाल्यावरच. म्हणून मधल्या काळात त्याला जामिनावर कोण घेणार हे महत्त्वाचं. शिनोळीतला मामा असो की शहापुरातली आत्या, जवळचा नातेवाईक स्वतः मंडळापुढं उभा राहायला हवा. आणि वकिलासाठी घर गहाण टाकू नका. मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या.

व्हॉट्सॲपचं बोललंच पाहिजे. पकडलेल्या पोराचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकणं, नाव, शाळा, गल्ली काहीही ओळख पटेल असं छापणं, हा कलम ७४ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करतोय. दोन वर्षांपूर्वी मारामारीत नाव आलं होतं. आता संपलं का सगळं?’ कलम २४ प्रमाणे बाल न्याय कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्या दोषामुळं अपात्र ठरवता येत नाही आणि ठराविक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त मंडळानं नव्हे तर बाल न्यायालयानं, म्हणजे सत्र न्यायालयानं, प्रौढ म्हणून दोषी धरलेल्या सोळावर्षांपुढच्यांचा. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच उचलून धरलं. पण ताई, आधी प्रकरण खरंच निकाली निघालंय का ते बघा. गुन्हा किरकोळ असेल आणि चार महिने अधिक वाढवलेले दोन महिने यांत चौकशी संपली नसेल, तर कायद्यानं ते बंदच होतं. गंभीर असेल तर ते चालूही असू शकतं. मंडळाच्या कार्यालयात जाऊन अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल मागा. ती कन्नडमध्ये मिळेल, ती वकिलाकडून मराठीत समजून घ्या, आणि भरतीचा फॉर्म भरताना तुमच्या पोराला ती बरोबर ठेवायला सांगा.