उंच बॉनेटची जीप : अंगणातले वायरिंग (माहितीपटाचे निवेदन)

अंगणातल्या ताडपत्रीवर पसरलेला हा काळपट, तेलकट गुंता म्हणजे महिंद्राच्या सीजे-3बी जीपमधून नुकतेच सोडवलेले मूळ वायरिंग आहे. तारांवरचे रबर इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकले आहे, त्यावरचे सुती वेष्टण जागोजागी कुजले आहे. मधेच काळ्या टेपचे थर दिसतात, आणि एके ठिकाणी तर घरातल्या पंख्याला वापरतात तसली पांढरी वायर जोडलेली आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत, कारण मूळ रंग उडून गेल्यामुळे कोणती तार कोठून कोठे जाते हे आता चिठ्ठीशिवाय सांगता येत नाही.

हे घर कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. साखर कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले आबा आणि तंत्रनिकेतनात डिप्लोमा करणारी त्यांची नात, असे दोघे मिळून हे काम करीत आहेत. जीप आबांच्या वडिलांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती, आणि गेली अनेक वर्षे ती गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती.

ही गाडी कोठून आली हे समजून घेतल्याशिवाय तिच्या दुरुस्तीतला आग्रह कळत नाही. 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबईत उतरत आणि माझगावात त्यांची जुळवणी होई. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले. सीजे-3बी हे मॉडेल विलीजने 1953 मध्ये बाजारात आणले आणि अमेरिकेत त्याचे उत्पादन 1968 मध्ये थांबले, मात्र भारतात ते त्यानंतरही बनत राहिले. पाटबंधारे खाते, वनखाते, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार, अशा सगळ्या ठिकाणी ग्रामीण महाराष्ट्राने जी ‘जीप’ पाहिली, ती मुख्यतः हीच.

तिचे उंच बॉनेट या कोनातून नीट दिसते. आधीच्या जीपमध्ये इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, बाजूला, ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) असत. सीजे-3बीमध्ये बसवलेल्या 2199 सीसीच्या ‘हरिकेन’ इंजिनात एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले, पण इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये (ब्लॉकवरच्या झाकणात) गेले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. दोन चाकांच्या आसांमधले अंतर मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे 80 इंच, राहिले. स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, कारण मूळ अमेरिकी रचना तशीच उचलली गेली आणि महिंद्राच्या जीप कित्येक वर्षे डाव्या हाताच्याच निघाल्या.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवले गेले. पेट्रोलच्या खर्चापुढे त्या मालकांचा इलाज नव्हता, हे मान्य करूनही असे वाटते की त्या अदलाबदलीत गाडीचे अर्धे शहाणपण भंगारात गेले. या जीपमधले हरिकेन इंजिन शाबूत राहिले, ते केवळ ती बंद पडून विसरली गेली म्हणून.

पत्र्याचे काम आता दिसते आहे. टप, म्हणजे जीपची उघडी बॉडी, चॅसीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरवून दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवली आहे. जमिनीच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोकळीत चिखल साठतो. गंज तिथूनच सुरू होतो व वरून रंग चांगला दिसत असताना खालून पत्रा चाळणी होतो. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड केला, त्यावर गंजरोधक रेड ऑक्साइड मारले आणि लांबी, म्हणजे पत्रा सपाट करायचा लेप, अगदी पातळ, फक्त जोड लपवण्यापुरती वापरली. इंजिनाचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांकडे झाले. तिथले चित्रीकरण नसल्यामुळे एवढेच सांगून पुढे जावे लागेल की बोअर, क्रँक आणि व्हॉल्व्हच्या बैठका सुधारून इंजिन घरी परत आले.

खरे काम पुढे आहे, आणि ते प्लायवूडच्या या फळीवर चालले आहे. नातीने जुना हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांची सगळी जुडी, फळीवर जसाच्या तसा ताणून ठेवला, जिथे तो वळतो आणि जिथे त्याला फाटा फुटतो तिथे खिळे ठोकले, आणि मग जुना हार्नेस उचलून त्या खिळ्यांमधून नव्या तारा ओढल्या. डॅशबोर्डपासून डाव्या हेडलाइटपर्यंत, तिथून ग्रिलमागून उजव्या हेडलाइटपर्यंत आणि चॅसीच्या कडेने मागच्या दिव्यांपर्यंत असा तो फळीवरचा नकाशा आहे. अशा फळीचा फायदा असा की तारांची लांबी गाडीत वाकून अंदाजाने ठरवावी लागत नाही आणि सगळी जुडी टेबलावरच सुती पट्टीने बांधून तयार होते.

तार निवडताना आबांनी घरगुती वायर पूर्णपणे वर्ज्य केली. गाडीतल्या तारेला सतत कंप सोसावा लागतो, म्हणून ती अनेक बारीक तंतूंची, लवचिक आणि तेल व उष्णता सहन करणाऱ्या वेष्टणाची असावी लागते. जाड तंतूंची वायर टोकाशी वाकून वाकून तुटते. सोल्डरबाबतही त्यांचे मत असेच ठाम आहे. सोल्डर तंतूंमध्ये शोषले जाऊन तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो नेमकी तिथेच ती तुटते, म्हणून प्रत्येक लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, योग्य मापाच्या पक्कडीने क्रिंप केला (दाबून बसवला) आहे, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवली आहे आणि लग ओढून पाहिल्याशिवाय तार फळीवर गेलेली नाही. ओढून पाहण्याची ही सवय कॅमेऱ्यात अनेकदा आली आहे. संकलनात ती मुद्दाम ठेवली आहे.

जुन्या जीपमध्ये फ्यूज अगदी मोजके असत. फ्यूज दिव्याला नव्हे, तारेला वाचवतो, ही गोष्ट नात इथे स्वतःच्या शब्दांत समजावते आहे : बल्ब गेला तर बल्ब बदलता येतो, पण तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर सगळा हार्नेस पेटतो. म्हणून डॅशखाली, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, नवा फ्यूज बॉक्स बसवला आहे, बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आणि कटऑफ स्विच दिला आहे, आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यातून, तारा जातात त्या भोकांना रबरी ग्रोमेट (कडी) लावले आहेत.

हेडलाइटचा हिशेब फळीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला दिसतो. 60 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर एकूण 10 अँपिअर प्रवाह घेतात. हा प्रवाह 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 4 मीटर नेला, तर सुमारे 0.7 व्होल्ट वाटेतच खर्च होतात, आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरत असल्यामुळे एवढ्याशा घटीने जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड नाहीसा होतो. जुन्या जीपचे दिवे मिणमिणते असत, याचा दोष पुष्कळदा दिव्यांचा नसून बारीक तारांचा, गंजलेल्या जोडांचा आणि जुन्या स्विचचा असतो. इथे 2.5 चौरस मिलिमीटरची तार वापरली आहे आणि दिव्यांचा प्रवाह रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालू-बंद होणाऱ्या चुंबकी स्विचमधून, नेला आहे. त्यामुळे डॅशवरच्या मूळ स्विचला आणि डाव्या पायाने दाबायच्या डिपरला (दिव्याचा झोत वर-खाली करणाऱ्या बटणाला) फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह सांभाळावा लागतो, आणि ते दोन्ही जुने भाग जागच्या जागी राहतात.

परतीच्या वाटेचा, म्हणजे अर्थिंगचा, विचार बहुतेक गॅरेजांत सर्वांत शेवटी होतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, टप आणि चॅसी यांच्यामध्येही पॅड आणि नवा रंग येतो. म्हणजे ज्या लोखंडातून प्रवाह परत यायचा, ते लोखंड एकमेकांपासून तुटलेले असते. म्हणून इंजिन ते चॅसी आणि चॅसी ते टप अशा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या, खालचा रंग खरवडून, बोल्टने आवळल्या आहेत.

आता डायनॅमो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवून बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र. तो काढून त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवावा, असा सल्ला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने दिला. अल्टरनेटर मंद वेगातही चार्जिंग देतो, हे खरेच आहे. तरी आबांनी डायनॅमो ठेवला, त्याचे कार्बन बदलले, आर्मेचरचा (आतल्या फिरत्या भागाचा) कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर टेकतात ते तांब्याचे कडे, लेथवर साफ करून घेतला आणि चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या पेटीतले पॉइंट (संपर्क) घासून त्यांचे अंतर पुन्हा लावले. पेटीतल्या कटआउटचे काम इथे जवळून दिसते : इंजिन मंद झाले की डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली येते, तेव्हा हा संपर्क सुटतो, नाहीतर बॅटरीच डायनॅमोत रिकामी झाली असती. सगळे जोडल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, रेग्युलेटरच्या दोन टर्मिनलांना तारेचा तुकडा क्षणभर टेकवून ठिणगी पाडली आहे. डायनॅमोची वीजनिर्मिती त्याच्या लोखंडात उरलेल्या अल्पशा चुंबकत्वापासून सुरू होते आणि त्या चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळवून घ्यावी लागते; उलटी राहिली तर कटआउटचे पॉइंट जळतात.

डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचे, पॉइंट 0.020 इंचावर आणि प्लग 0.030 इंचावर लावले, फायरिंगचा क्रम 1-3-4-2 तपासला. बॅटरी प्रथम थेट न जोडता मध्ये टेस्ट लँप घालून जोडली : सगळे स्विच बंद असताना लँप पेटला असता, तर कोठेतरी गळती आहे असे कळले असते. तो पेटला नाही. इथून सेल्फ मारेपर्यंत निवेदन नाही. अंगणातला मूळ आवाज तसाच ठेवावा.

पुढची दृश्ये उसाच्या फडाशेजारच्या शेतवाटेवरची आहेत. गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे दिसतात, त्यांपैकी एक पुढच्या चाकांना जोर देतो आणि दुसरा हाय-लो, म्हणजे वेगाची आणि जोराची पट्टी, बदलतो. मूळ रचनेप्रमाणे पहिला गिअर आणि लो मिळून चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला सुमारे 37 फेरे करावे लागतात. म्हणूनच ही जीप ओढ्याच्या काठावरून ॲक्सिलरेटर न दाबता, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश वर येते. दिवे लावून इंजिन मंद ठेवले की अँपिअरमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो आणि वेग वाढवला की अधिक बाजूला येतो. डायनॅमोच्या गाडीत हे नेहमीचेच आहे. उंच टायर, छतावरची एलईडीची पट्टी, क्रोमचे बंपर असला शृंगार करण्याचा हट्ट या घरात कोणी धरला नाही, हे बरेच झाले.

खर्च ठरवल्यापेक्षा वाढला आणि पेट्रोल ती भरपूर पिते. 50 वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून आबांनी नेहमीच्या पुनर्नोंदणीचा अर्ज केला आहे. परिवहन कार्यालयाकडून तपासणीची तारीख यायची आहे आणि तोवर जीप शेतवाटेच्या पलीकडे जात नाही.