फ्रान्सिसचं मृत्युपत्र

इटलीतल्या असिसीची ही बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च. एकावर एक दोन चर्च, भिंतीभर चित्रं, आणि सगळ्यात खाली, तळघरात, दगडी शवपेटी. पैशाला शिवायचंसुद्धा नाही असा दंडक घालणारा माणूस इथे विसावला आहे.

फ्रान्सिस, भिक्षूंचा संघ उभारणारा ख्रिस्ती साधू, कापड व्यापाऱ्याचा मुलगा. बापाशी वाद झाला तेव्हा अंगावरचे कपडेही परत देऊन निघाला. १२२६ साली मरण जवळ आल्यावर त्यानं मृत्युपत्र सांगितलं. वाटून द्यायला काही नव्हतंच. कसं जगायचं हे मला कुणा माणसानं दाखवलं नाही, देवानंच दाखवलं, असं त्यात आहे. पुढे ताकीद आहे: माझ्या नियमांवर भाष्यं करू नका, रोमकडे, म्हणजे पोपच्या दरबाराकडे, सवलतींची पत्रं मागू नका.

दोन वर्षांत पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संत जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी या वास्तूची पायाभरणी केली. १२३० मध्ये त्याच्याच संघातले भिक्षू नियमांचा अर्थ विचारायला त्यांच्याकडे गेले. उत्तर मिळालं: मृत्युपत्र बंधनकारक नाही. पैसा भिक्षूंनी घ्यायचा नाही, त्यांच्या वतीनं बाहेरच्यानं सांभाळायचा. वस्तू वापरायच्या, मालकी मात्र त्यांची नाही. पक्की वकिली!

तरी ग्रेगरींना खलनायक ठरवायची घाई नको. ते फ्रान्सिसचे स्नेहीच होते. एकट्याला देव भेटला तर नियमावली लागत नाही. मागून हजारो आले की आजाऱ्याचं औषध कोण आणणार आणि भांडण कोण तोडणार, हे ठरवावंच लागतं.

अर्थात, ठरवण्याचा अधिकार हाती आला की तो कुठवर जातो, तेही पाहायला हवं. देवात विरून गेलेल्या जिवाला विधींची ओढ उरत नाही, असं मार्गरीत पोरेत या गूढवादी लेखिकेनं लिहिलं. चर्चनं तिला पाखंडी ठरवलं. १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं.

‘धर्म नको, अध्यात्म पुरे’ असं आज सहज म्हटलं जातं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींनी ते बरंचसं करून पाहिलं. पाद्री नाही, विधी नाही. गप्प बसायचं, आतून उमटेल त्यानंच बोलायचं. मग धरपकड सुरू झाली. तुरुंगात कोण आहे याची नोंद कुणी ठेवायची, सरकारकडे दाद कुणी मागायची? त्यासाठी १६७० च्या दशकात लंडनमध्ये कायमची समिती नेमावी लागली.

ब्रिटनमधल्या क्वेकर बैठकीत आजही मतदान होत नाही. सूर जुळलासा वाटला की लिपिक तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवतो. कुणाला शब्द खटकला, तर पुन्हा लिहायला घेतो.