पिक्चर बरो, पण...

(दृश्य : फोंडाघाट, रात्र. चालत्या गाडीच्या आतून.)

कोल्हापुरात सिनेमा सुटला तेव्हा कुणी फारसं बोललं नव्हतं. सगळ्यांना भूक लागली होती. जेवणं झाली, राधानगरी मागे पडली, दाजीपूरचं जंगल लागलं आणि मग एकेकाला कंठ फुटला. आता कणकवली येईपर्यंत दिग्दर्शकाचं काही खरं नाही.

सिंधुदुर्गातल्या बऱ्याच जणांना नवा सिनेमा बघायचा तर घाट चढावा लागतो, नाहीतर गोव्याची हद्द ओलांडावी लागते. तालुक्याच्या गावातली जुनी टॉकीजं एकेक करून बंद पडली. उरलेल्यांत हवा तो सिनेमा लागेलच, याची खात्री नाही. पण या लांबच्या वाटेने एक सोय केली, गजालींना, म्हणजे गप्पांना, वेळ मिळाला. शहरातला माणूस लिफ्टमध्येच 'ठीक होता' म्हणून मोकळा होतो.

(दृश्य : देवळासमोरचा मांड. पेटारा उघडतोय, रंग लावणं सुरू.)

१२ सप्टेंबर २०२५ला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. सहा दिवसांपूर्वीच अनंत चतुर्दशी झाली होती. चाकरमानी मुंबईला परतले होते. म्हणजे एकाच घरातल्या निम्म्यांनी सिनेमा तिकडे पाहिला, निम्म्यांनी इकडे, आणि भांडण फोनवर रंगलं.

दिलीप प्रभावळकर वयाच्या ८१व्या वर्षी बाबुली मेस्त्री हा कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट साकारतात, याबद्दल सगळ्यांनी हात जोडले. वाद पुढे होता.

"काम बरा केल्यान हां. पण बाकीच्यांची मालवणी? पुस्तकातली वाटता."

ही तक्रार किरकोळ नाही. खऱ्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचं आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. समोरच्याने टाकलेला शब्द त्याने कसा झेलला, हे बघायला माणसं पहाटेपर्यंत जागतात. इथला प्रेक्षक असा कानाने तयार झालेला आहे. कॅमेरा कुठून फिरला याचं त्याला अप्रूप कमी, हेल चुकला की मात्र तो लगेच शेजारच्याकडे बघतो.

माझं मत विचाराल तर सिनेमाचा पूर्वार्ध सरस. बापलेकातलं प्रेम आणि उतारवयातही न सुटणारी सोंगाची ओढ तिथे आहे. मध्यंतरानंतर सूडाची गोष्ट सुरू होते आणि रंगाखालचा माणूस जरा मागे पडतो. गाडीतल्या तिघांना हे अजिबात मान्य नाही. त्यांना उत्तरार्धच आवडला.

(दृश्य : मालवण, बंदर.)

नाटक आणि सिनेमा यांची ही तुलना मालवणला तर जुनीच म्हणायची. दादासाहेब तोरणे मूळचे इथले. त्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दाखवला गेला, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळपास वर्षभर आधी. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे गेला. मालवणात हा विषय काढायचा असेल तर वेळ हाताशी ठेवून काढावा.

(दृश्य : मुंबई-गोवा महामार्ग, रात्रीच्या बसगाड्या.)

एका पिढीने तर सिनेमे अर्धेच पाहिले. मुंबईहून येणाऱ्या खासगी व्हिडिओ कोचमध्ये. कशेडी घाटात मारामारी, चिपळूणला गाणं, आणि नायकाची आई सापडायच्या आत लांजा आलं, उतरा खाली. शेवट पाहिला तो सावंतवाडीपर्यंत जाणाऱ्यांनी. लांज्याचे लोक पुढच्या सुट्टीत त्यांना गाठून शेवट विचारायचे, आणि सांगणारा आपल्या पदरचं घालून सांगायचा.

आदित्य सरपोतदार यांचा २०२४चा 'मुंज्या' हिंदीत होता, त्यामुळे भाषेवरून कुणी छेडलं नाही. पण पिंपळावरचा मुंजा कसा दिसतो, यावर प्रत्येक वाडीचं स्वतंत्र मत निघालं. संगणकावर केलेलं ते भूत पोरांना आवडलं, आजीला नाही.

(दृश्य : पावसातला किल्ला, ओलं जांभ्याचं कुंपण.)

आणि 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा. २०१४मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं, पुढच्या जूनमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेलेला मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई, म्हणजे अमृता सुभाष. या सिनेमाबद्दल बोलताना बहुतेक जण पावसाकडे वळतात. दृश्यं आहेतही तशीच. मात्र आम्हाला भेटलेल्या एक निवृत्त बाई, साताऱ्याकडून बदली होऊन इथे आलेल्या आणि इथेच राहिलेल्या, पावसाचं नावही काढत नाहीत.

"पोराचं काम छान आहे. कचेरीपण खरी वाटते. पण मला इथे पहिला महिनाभर खोली मिळत नव्हती. त्या अमृता सुभाषला आल्या आल्या घर कुणी दिलं, तेवढं विचारा त्यांना."