सोडायला आधी काही मोडावंच लागतं का?

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'मिशिगनमधली आपली वर्षं'. तयारीही झाली होती. पण गेल्या रविवारी आमच्याकडे जेवताना जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून आज तेच बोलतो.

माझा धाकटा सोळा वर्षांचा आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी. आमटीभात कालवता कालवता म्हणाला, "बाबा, या सीझनला मी खेळणार नाहीये." मी विचारलं, काही लागलंय का? गुडघा? डोकं? "नाही." कोच काही बोलले? "नाही." मग माझा आवाज चढला. दोन वर्षं घाम गाळलास, आता एक वर्ष राहिलं आणि अर्ध्यावर सोडतोस? त्याने हात थांबवला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, सोडायला आधी काही मोडावंच लागतं का?" ताट तसंच ठेवून तो वर गेला.

त्या रात्री मी बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. तिथे भिंतीवर २० नंबरची निळी जर्सी आहे. तुमच्यापैकी निम्म्या घरांत ती असेल. बॅरी सँडर्स, आपल्या डेट्रॉइट लायन्सचा रनिंग बॅक!

१९९७चं थँक्सगिव्हिंग आठवतंय? आमच्या अपार्टमेंटमध्ये बावीस माणसं, वहिनींचे बटाटेवडे, फोनजवळ कॉलिंग कार्डांचा ढीग आणि टीव्हीवर लायन्स. शिकागो बेअर्सना आपण ५५-२० असं धुतलं. बॅरीने चेंडू घेऊन कापले १६७ यार्ड, आणि तीनदा शेवटची रेषा पार केली, म्हणजे तीन टचडाउन. नियम आपल्याला धड कळत नव्हते, पण कबड्डीत हूल देतात ती मात्र लगेच कळली. पाच फूट आठ इंचांचा माणूस. चार धिप्पाड गडी अंगावर आले की एका पायावर वळायचा आणि ते चौघं एकमेकांवर आपटायचे. टचडाउन झाला की नाच नाही, आरडाओरडा नाही, चेंडू रेफरीच्या हातात. माझी आई तेव्हा इथे आली होती. म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतो." तो विचिटाचा, वडील छपरांची कामं करायचे, उन्हाळ्यात मुलांनाही कामावर न्यायचे.

त्या सीझनच्या पहिल्या दोन मॅचमध्ये त्याचे जेमतेम ५३ यार्ड झाले होते. पुढच्या सलग चौदा मॅचमध्ये दर वेळी शंभराच्या वर. एकूण २,०५३. हा आकडा आपल्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

आणि १९९९च्या जुलैमध्ये, प्रॅक्टिस सुरू होण्याच्या तोंडावर, त्याच्या विचिटाच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवून त्याने खेळ सोडला. वय ३१. दहा सीझन, प्रत्येक सीझनला हजाराच्या वर, एकूण १५,२६९ यार्ड. वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा, १६,७२६चा विक्रम एका वर्षावर आलेला. आणि कुठेही काही मोडलेलं नव्हतं. मी त्याला तेव्हा 'पळपुटा' म्हटलं होतं, ऑफिसात, चार लोकांत. रविवारी मुलापुढे तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

आकड्यामागे तो कधी धावलाच नव्हता हो! पहिल्याच वर्षी, १९८९च्या शेवटच्या मॅचमध्ये, सर्वाधिक यार्डांचा मान १० यार्डांवर होता. कोचने विचारलं, जातोस का मैदानात? मॅच तर जिंकलेलीच आहे म्हणून तो बाकावरच बसून राहिला. त्याचे वडील आधीच्या पिढीतल्या जिम ब्राउनला सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक मानायचे. त्या जिम ब्राउननेही तिशीतच, ऐन भरात खेळ सोडला होता. आणि दहा वर्षांत आपली टीम प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, मॅच जिंकली ती एकच. त्या हरण्याचा त्याला उबग आला होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.

पण रविवारी रात्री मला आठवला तो २१ डिसेंबर १९९७. ज्या मॅचमध्ये त्याने २,००० पार केले, त्याच मॅचमध्ये आपला बचाव फळीतला रेजी ब्राउन मैदानात निपचित पडला होता. मानेला मार. तिथेच त्याला कृत्रिम श्वास द्यावा लागला. तो वाचला, पुढे चालूही लागला, पण परत कधी खेळला नाही. त्याच्या सहा वर्षं आधी आपलाच माइक अटली असाच पडला होता, त्याला व्हीलचेअर आली. दोन्ही वेळा बॅरी त्याच टीममध्ये होता. त्याच्या मनात काय चाललं असेल, कोण जाणे. मी मात्र ती मॅच पाहिली आणि माझ्या लक्षात काय राहिलं? २,०५३.

मंडळी, राग मानू नका, पण आपण सगळेच असे आहोत. गणपतीत मुलांना स्टेजवर बोलावतो ते आकड्यांसाठी: स्कोअर किती, कुठल्या कॉलेजात, कितवा नंबर. एखादीने व्हायोलिन सोडलं, एखाद्याने इंजिनिअरिंग सोडलं, की घरात आजारी माणूस असावा तशा हळू आवाजात आपण चौकशी करतो. त्या पोराला ते ऐकू जातं. २०२३मध्ये डेट्रॉइटला, लायन्सच्या फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर, बॅरीचा पुतळा उभा राहिला. जाऊन बघा एकदा. त्या शहराचा राग निवायला चोवीस वर्षं लागली.

मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो दमलाय, घाबरलाय, की मला न सांगण्यासारखं काही घडलंय, तेही मला कळलेलं नाही. विचारायला गेलो की माझाच आवाज मला आडवा येतो. त्याची आई म्हणते, थोडा थांब. प्रॅक्टिस सोमवारपासून आहे.

आज तो इथे आलाय. मागे खुर्च्या मांडतोय ना, तोच. भेटला तर त्याच्याशी बोला, जेवलास का विचारा. "मग आता पुढे काय?" एवढं मात्र आज विचारू नका.