धरण उशाला

(पहाट. खडकवासला धरणाची भिंत, पाण्यावर धुकं.)

हे खडकवासला. याच्या मागे पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणं भरली की साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी साठतं. बहुतेक पुणं त्यावर जगतं, कालव्याने दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. इथून बंद जलवाहिनी निघते ती पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे. किरकटवाडी, नांदेड, धायरी ही गावं धरणापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

(सोसायटीचं गेट. टँकर मागे येतोय.)

आणि हा दहा हजार लिटरचा टँकर. वॉचमनकाका जमिनीखालच्या टाकीचं झाकण सरकवतात, ड्रायव्हर जाड पाइप आत सोडतो. पाण्याची धार लागली की वही निघते. गाडीचा नंबर, वेळ, सही. पान जवळून बघा. सकाळचे सात वाजायचेत आणि ही तिसरी नोंद आहे.

१९५१ साली पुणे शहर जेमतेम पाच लाखांचं होतं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख माणसं मोजली गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज माणसं किती याचा फक्त अंदाज बांधायचा. आधी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी माणसं आणली, नंतर चाकणने, हिंजवडीने. मराठवाड्यातून आली, विदर्भातून आली, पार बिहारमधून आली. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाचा यात काय दोष? शहरात घर परवडेना, म्हणून ती सिंहगड रस्त्याने बाहेर सरकत गेली. शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. जिथे ज्वारी उभी राहायची, तिथे सात-सात मजले उभे राहिले. ग्रामपंचायतीकडे होती ती गावापुरती विहीर आणि एक उंच टाकी. बिल्डरांनी हमीपत्रं लिहून दिली, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही देऊ. त्या कागदावर इमारती पुऱ्या झाल्या. आधी नळ, मग परवानगी, हा साधा क्रम कुणी पाळला नाही.

२०१७ मध्ये धायरीसह ११ गावं पुणे महापालिकेत आली. ३० जून २०२१ ला आणखी २३ आली. त्यांत नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खुद्द खडकवासला. त्या दिवशी पुणे महापालिकेचं क्षेत्रफळ मुंबईपेक्षा मोठं झालं. कागदावर गाव शहर झालं.

(नांदेड गावातली विहीर. वरून दृश्य.)

पाणी मात्र याच विहिरीचं राहिलं. धरणाचं पाणी विहिरीत यायचं, त्यात क्लोरिन मिसळायचं आणि तेच घराघरांत जायचं. गाळण्याची सोय मध्ये कुठेच नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, आणि दूषित पाण्यातून झालेल्या संसर्गानंतर तो होऊ शकतो. पुणे आणि परिसरात मिळून आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले.

(स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, पाण्याला उकळी.)

या ताई तेव्हापासून पाणी उकळूनच भरतात. आधी फडक्याने गाळतात, मग उकळतात, निवलं की माठात. धाकट्याची शाळेची बाटली सगळ्यात आधी.

(खिडकीतून बाहेर. क्रेन.)

खिडकीसमोरच्या प्लॉटवर आज नवव्या मजल्याचा स्लॅब पडतोय. खाली टँकर उभा आहे.